ध्वजदिनाची पावती आणि हक्काची भाकरी

सैनिकांच्या कुटुंबांसाठी निधी कसा उभारावा, हा प्रश्न आपल्याकडे निधी किती उभारावा या प्रश्नाखाली पार गाडला गेला आहे. दरवर्षी ७ डिसेंबर जवळ आला की जिल्हाधिकारी कार्यालयातून 'इष्टांक' निघतात, ते खात्याखात्यांत वाटले जातात, कर्मचाऱ्यांच्या पगारातून ठरलेली रक्कम वळती होते, आणि जानेवारीनंतर केव्हातरी इष्टांक पुरा केल्याबद्दल प्रशस्तिपत्रकांचे वाटप होते. ज्याच्या नावाने हे सारे चालते तो निवृत्त शिपाई आणि त्याची विधवा या व्यवहारात कोठेच दिसत नाहीत. देणाऱ्याला आपण कोणाला दिले हे ठाऊक नसते आणि घेणाऱ्याला कोणी दिले हे ठाऊक नसते. असा निधी तिजोरीत भर घालतो, पण समाज आणि सैनिकाचे घर यांच्यामध्ये नाते निर्माण करीत नाही.

मलकापूर व शाहूवाडी तालुक्याच्या परिसरात सैनिक-कुटुंबांच्या साहाय्यासाठी काही करावयाचे असेल, तर प्रथम या निधीची कुळकथा आपण नीट समजून घेतली पाहिजे.

स्वातंत्र्यापूर्वी ११ नोव्हेंबर हा पहिल्या महायुद्धाच्या तहकुबीचा दिवस 'पॉपी डे' म्हणून पाळला जाई. कागदी फुले विकून गोळा होणारा पैसा मुख्यतः ब्रिटिश माजी सैनिकांसाठी असे. हिंदी सैनिकाच्या वाट्याला काय यावे हे गोऱ्या अधिकाऱ्यांच्या मर्जीवर अवलंबून होते. मेसोपोटेमियातील कूतच्या वेढ्यात उपाशी राहून लढलेल्या मराठा पलटणींच्या घरी मात्र कोणाच्या फुलांचे पैसे पोचले, याचा हिशेब कोणी मागितला नाही. स्वातंत्र्यानंतर ही लाजिरवाणी व्यवस्था मोडून ऑगस्ट १९४९ मध्ये संरक्षणमंत्र्यांच्या समितीने ७ डिसेंबर हा ध्वजदिन ठरविला. नागरिकांनी तिन्ही दलांच्या रंगांचे छोटे निशाण छातीवर लावावे व त्या बदल्यात यथाशक्ती द्यावे, युद्धात हानी सोसलेल्यांचे पुनर्वसन व्हावे, सेवेतील आणि निवृत्त सैनिकांच्या कुटुंबांचे कल्याण व्हावे, असे तिचे हेतू होते. १९९३ साली निरनिराळे निधी एकत्र करून 'सशस्त्र सेना ध्वजदिन निधी' स्थापन झाला. मूळ कल्पनेत महत्त्व रकमेपेक्षा निशाणाला होते. नागरिक आणि सैनिक यांच्यामध्ये सत्ताधारी नसावा, नागरिकाने स्वतः होऊन ते निशाण घ्यावे, ही त्या कल्पनेमागील लोकशाही भावना होती. पुढे तिचा इष्टांक झाला. लोकशाहीतील एका चांगल्या कल्पनेची नोकरशाहीने लावलेली ही विल्हेवाट होय.

सक्तीचे हे वळण केवळ सरकारी कचेऱ्यांपुरते राहिले नाही. ऑक्टोबर २०१६ मध्ये मुंबईत काय घडले ते आठवावे. 'ऐ दिल है मुश्किल' या चित्रपटात पाकिस्तानी नट असल्याने तो प्रदर्शित होऊ देणार नाही, अशी भूमिका महाराष्ट्र नवनिर्माण सेनेने घेतली. मुख्यमंत्र्यांच्या निवासस्थानी बैठक झाली. आणि अशा निर्मात्यांनी सैनिक कल्याण निधीला पाच कोटी रुपये द्यावेत, ही अट पुढे आली. ज्यांच्यासाठी हे पैसे मागितले गेले त्या सैन्यातूनच नापसंतीचा सूर उमटला, आणि देणगी ही स्वेच्छेचीच असली पाहिजे असे तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनाही सांगावे लागले. सैनिकाच्या नावाने खंडणी मागणे हा सैनिकाचा सन्मान नव्हे, हे ज्याला उमगले तो स्वतः सैनिक होता, ही गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे.

आपल्यापैकी काही साथींच्या मनात येथे निराळाच प्रश्न उभा राहील. लष्करासाठी निधी गोळा करणे हे समाजवादी कार्यकर्त्याचे काम आहे काय? शस्त्रास्त्रांवरचा खर्च वाढत असताना, देशभक्तीचा बाजार भरत असताना, त्याच मांडवात आपणही पावतीपुस्तक घेऊन बसावे काय?

हा प्रश्न टाळण्यासारखा नाही, पण त्याचे उत्तर आपल्याच चळवळीच्या इतिहासात आहे. १९४० साली वैयक्तिक सत्याग्रहात, ब्रिटिशांच्या युद्धप्रयत्नाला माणसे व पैसा देणे अयोग्य आहे, असे जाहीरपणे सांगून हजारो लोक तुरुंगात गेले. युद्धनिधीसाठी होणाऱ्या सक्तीला समाजवाद्यांनी कडवा विरोध केला. आणि तोच समाज १९४५-४६ मध्ये आझाद हिंद फौजेच्या शिपायांच्या बचावासाठी व त्यांच्या कुटुंबांच्या साहाय्यासाठी गावोगाव पैसे गोळा करीत होता. या दोन कृतींत विसंगती नव्हती. युद्ध ठरविणारा आणि युद्धात पाठविला जाणारा यांच्यामधील भेद त्या पिढीला स्पष्ट दिसत होता. हा भेद ज्याला दिसत नाही तो एक तर सैनिकाला देव करतो, नाही तर सैनिकाच्या घराकडे पाठ फिरवितो. दोन्हींत त्या घराची चूल पेटत नाही.

शाहूवाडीसारख्या डोंगराळ तालुक्यातून मुलगा सैन्यात का जातो, याचे उत्तर भाषणांत शोधू नये. ते सातबाऱ्यावर सापडते. भाताच्या अपुऱ्या वावरावर घर चालत नाही म्हणून एक भाऊ मुंबईला गेला, दुसरा भरतीच्या रांगेत उभा राहिला, आणि तिसरा आई-बापांजवळ राहिला, ही या भागातील कित्येक घरांची कहाणी आहे. मुंबईला गेलेल्याचा गिरणीतला रोजगार १९८२च्या संपानंतर बुडाला. त्यानंतर भरतीच्या रांगा आणखीच लांबल्या असतील तर त्यात नवल नाही. आपल्या जिल्ह्यात शिरोळ तालुक्यातील टाकळीला लोक 'सैनिक टाकळी' म्हणतात. या नावात अभिमान आहे आणि तो यथार्थ आहे. पण अभिमानाने नाव बदलते, परिस्थिती बदलत नाही. सैनिक हा गणवेशातील शेतकरी आहे, आणि शेतकऱ्याच्या कुटुंबाचा प्रश्न हा आपला प्रश्न नाही असे म्हणण्याची सोय आपल्याला नाही.

तेव्हा निधी उभारावा की नाही, हा प्रश्न राहत नाही. प्रश्न असा आहे की कशासाठी उभारावा, आणि कोणती जबाबदारी कोणाची आहे.

येथे आपण तीन गोष्टी वेगळ्या केल्या पाहिजेत. पहिली गोष्ट हक्काची: निवृत्तिवेतन, कुटुंबवेतन, नुकसानभरपाई, औषधोपचार. हे देणे शासनाचे आहे आणि ते अर्थसंकल्पातूनच आले पाहिजे. दुसरी गोष्ट समाजाच्या ऋणाची: शिक्षण, आधार, अडल्या वेळी मदतीचा हात. तिसरी गोष्ट दयेची, आणि तिला या विषयात जागाच नाही. आजची सारी गफलत अशी की हक्काच्या गोष्टी दयेच्या निधीतून भागविल्या जातात आणि ऋणाच्या गोष्टींकडे कोणाचेच लक्ष नसते.

उदाहरण पाहा. दुसऱ्या महायुद्धानंतर पलटणी मोडल्या तेव्हा असंख्य शिपाई निवृत्तिवेतनाविना घरी आले. त्यानंतरही पुरेशी सेवा न भरल्यामुळे ज्यांना वेतन लागू झाले नाही, असे सैनिक व त्यांच्या विधवा देशभर आहेत. पासष्ट वर्षांवरील अशा निराधारांना केंद्रीय सैनिक मंडळ दरमहा अनुदान देते. ते वर्षानुवर्षे चार हजार रुपये होते. संरक्षण मंत्रालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये ते आठ हजार करण्याचे जाहीर केले. त्याच वेळी पहिलीपासून पदवीपर्यंतच्या दोन मुलांसाठी शिक्षण-अनुदान दरमहा एक हजारावरून दोन हजार झाले आणि मुलीच्या लग्नासाठी वा विधवेच्या पुनर्विवाहासाठीचे अनुदान पन्नास हजारांवरून एक लाख झाले. ही वाढ स्वागतार्ह आहे, यात शंका नाही. परंतु तिचा वार्षिक भार सुमारे २५७ कोटी रुपये असून तो ध्वजदिन निधीतून भागवावयाचा आहे. म्हणजे म्हाताऱ्या, कफल्लक शिपायाचे दोन वेळचे जेवण हे लोकांच्या देणग्यांवर अवलंबून आहे. २०२५-२६ या वर्षाचा देशाचा संरक्षण अर्थसंकल्प सुमारे ६ लाख ८१ हजार कोटी रुपयांचा आहे. त्यातून हे २५७ कोटी काढले तर शंभर रुपयांमागे जेमतेम चार पैसे होतात. ज्या शासनाला शंभरातील शहाण्णव पैशांसह नव्व्याण्णव रुपये शस्त्रे, पगार व निवृत्तिवेतन यांवर खर्च करता येतात, त्याला उरलेल्या चार पैशांसाठी शाळकरी मुलांच्या हाती डबा द्यावा लागतो, हे कोणत्याही सभ्य देशाला शोभणारे नाही. निराधार सैनिकाचे अनुदान हा कायद्याने मिळणारा हक्क झाला पाहिजे, ही आपली पहिली मागणी असावी. आणि प्रत्येक पावतीबरोबर ती मागणी देणाऱ्यासमोर मांडली जावी.

हक्काचे क्षेत्र विस्तारण्याऐवजी आकसत चालले आहे, ही त्याहून गंभीर गोष्ट होय. जून २०२२ मध्ये अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर शंभरातील पंचवीसांपर्यंत कायम, बाकीच्यांना सुमारे पावणेबारा लाखांचा सेवानिधी आणि निरोप. निवृत्तिवेतन नाही, उपदान नाही, माजी सैनिकाचा दर्जा नाही. त्या सेवानिधीचा अर्धा भागही त्या मुलाच्याच पगारातून कापलेला असतो. सेवेत असताना मृत्यू आल्यास विम्याची व सानुग्रह साहाय्याची रक्कम मिळते. पण नियमित सैनिकाच्या पत्नीला वा आई-बापांना आयुष्यभर मिळणारे कुटुंबवेतन अग्निवीराच्या घरी येत नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये सियाचीनमध्ये बुलढाणा जिल्ह्यातील एका अग्निवीराला मृत्यू आला, तेव्हा हा प्रश्न महाराष्ट्राच्या घराघरांत पोचला. एकाच खंदकात, एकाच थंडीत, एकाच शत्रूसमोर उभ्या असलेल्या दोघांच्या घरांना दोन निरनिराळे न्याय! पहिल्या तुकड्यांची चार वर्षे २०२६च्या अखेरीपासून पुरी होऊ लागतात. त्यानंतर शाहूवाडीच्या डोंगरवाड्यांतून जे तरुण परत येतील त्यांना कोणत्या सैनिक-कल्याणात बसवावयाचे, याचे उत्तर ध्वजदिनाच्या व्यासपीठावरून मिळत नाही.

तसेच केंद्रीय राखीव पोलीस दल व सीमा सुरक्षा दल यांच्यातील जवानांचे. लोकांच्या लेखी तेही सैनिकच. पण कागदावर ते 'माजी सैनिक' नव्हेत, आणि १ जानेवारी २००४ नंतर भरती झालेल्यांना जुन्या पद्धतीचे निवृत्तिवेतनही नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पुलवामाला केंद्रीय राखीव पोलीस दलाचे चाळीस जवान मारले गेले. त्यांत आपल्या गावाच्याच नावाच्या, बुलढाणा जिल्ह्यातील मलकापूरचा एक जवान होता. त्या दिवसांत देशभरातून देणग्यांचा पूर आला. या दलांसाठी केंद्र सरकारने २०१७ साली उघडलेल्या 'भारत के वीर' या निधीत एका कुटुंबाच्या नावे पंधरा लाखांची मर्यादाच घालावी लागली आहे, कारण लोकांचे दुःख वर्तमानपत्राच्या मथळ्यामागे धावते. ज्याचे छायाचित्र पहिल्या पानावर आले त्याच्या घरी ओघ लागतो. जो निवृत्तीनंतर सहा वर्षांनी एका सरकारी इस्पितळात निमूटपणे मेला त्याच्या विधवेकडे कोणी फिरकत नाही. भावनेच्या लाटेवर उभारलेला निधी लाटेबरोबरच ओसरतो. म्हणून आपल्याला लाट नको, पाट हवा आहे. थोडे पाणी, पण बारमाही.

निधीच्या नावाने काय होऊ शकते याचा धडा महाराष्ट्राने २०१० साली घेतला आहे. कुलाब्याच्या 'आदर्श' गृहनिर्माण संस्थेची एकतीस मजली इमारत कारगिलच्या वीरांसाठी व त्यांच्या विधवांसाठी असल्याचे सांगितले जात होते. सभासदांच्या यादीत निघाली ती पुढारी, सनदी व लष्करी अधिकारी आणि त्यांचे नातलग यांची नावे. मुख्यमंत्री अशोक चव्हाण यांना राजीनामा द्यावा लागला. ती जमीन कारगिलच्या वीरांसाठी राखीव नव्हतीच, असे पुढे चौकशी आयोगाने म्हटले. मग त्या विधवांचे नाव तरी इतकी वर्षे कशासाठी वापरले गेले? सैनिकाच्या विधवेचे नाव हे आपल्या सार्वजनिक जीवनातील असे नाणे आहे की ते कोणीही खर्च करतो आणि तिच्या हाती कधीच पडत नाही.

आणि त्या विधवेची घरातील व गावातील स्थिती काय असते? व्यासपीठावर ती 'वीरपत्नी'. तिला शाल, श्रीफळ, मानचिन्ह. परंतु संक्रांतीला गल्लीत हळदीकुंकू होते तेव्हा तिला बोलावणे नसते. सानुग्रह रक्कम आली की दीर-सासऱ्यांपासून माहेरपर्यंत सारे तिचे पालक होतात. शेतात तिचे नाव लागले नसेल तर ती रक्कम संपताच ती परकी होते. कायदाही तिच्याकडे फार काळ वेगळ्या नजरेने पाहत नव्हता. शौर्यपदकाबरोबर मिळणारा भत्ता पुनर्विवाहानंतर चालू राहावयाचा असेल तर तिने दिराशीच लग्न केले पाहिजे, ही अट नोव्हेंबर २०१७ पर्यंत कायम होती! या पार्श्वभूमीवर आपल्याच जिल्ह्यातील हेरवाड ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे, मंगळसूत्र तोडणे या विधवा-प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि राज्य सरकारने त्याचे अनुकरण करण्यास साऱ्या ग्रामपंचायतींना सांगितले, ही घटना लाखो रुपयांच्या निधीहून मोठी आहे. सैनिक-कुटुंबाच्या साहाय्याचा जो कोणी गट स्थापन होईल त्याचे पहिले काम असे असावे की आपल्या गावी हेरवाडचा ठराव केवळ दप्तरात न राहता चौकात उतरतो की नाही, हे पाहणे. त्याला एक पैसाही लागत नाही. लागते ते धैर्य.

आता प्रत्यक्ष कामाकडे वळू. मलकापूर ही बाजारपेठ आहे. कोल्हापूर-रत्नागिरी रस्त्यावर, जिल्ह्याच्या ठिकाणापासून चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर अंतरावर. एस. टी.चे आगार येथे आहे. आंबा, विशाळगडाच्या बाजूच्या वाड्यावस्त्यांतील माणूस बाजाराला येथे उतरतो. परंतु जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय कोल्हापुरात, माजी सैनिकांच्या औषधोपचाराचा दवाखाना कोल्हापुरात, आणि मराठा पलटणीचे अभिलेख कार्यालय बेळगावात. सेवापुस्तकात पत्नीचे नाव एक, आधारपत्रावर दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे; मुलीच्या जन्माची नोंद पलटणीत झालेलीच नाही; पतीचे डिस्चार्ज बुक पावसात भिजून गेले आहे; अशा साध्या कारणांवरून कुटुंबवेतन महिनोन्महिने अडते. संगणकावरील 'स्पर्श' व्यवस्था आल्यापासून वर्षातून एकदा हयातीची ओळख पटवावी लागते, आणि आयुष्यभर भात लावून बोटांचे ठसे झिजलेल्या म्हातारीला यंत्र ओळखत नाही. महिलांना २०२३ पासून एस. टी.चे तिकीट निम्मे झाले खरे, पण बुडालेला रोज निम्मा होत नाही. जिल्हा कार्यालयाचे कल्याण संघटक तालुक्याला फेरी करतात. तथापि एका माणसाने किती वाड्या फिराव्यात?

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. या घरांना सर्वांत अधिक टंचाई आहे ती पैशाची नव्हे, तर त्यांच्या बाजूने कागद हाती घेऊन उभा राहणाऱ्या माणसाची. एका रखडलेल्या कुटुंबवेतनाचा निकाल लागला तर त्या घरी आयुष्यभर जे येत राहते, ते कोणताही चॅरिटी शो देऊ शकणार नाही. म्हणून निधी उभारावयाचा तो वाटण्यासाठी नव्हे, हक्क वसूल करून देणारे केंद्र चालविण्यासाठी.

या केंद्राचा खर्च फार नाही. मलकापूर व भोवतालच्या गावांतील पाचशे घरांनी महिना दहा रुपये दिले तर वर्षाचे साठ हजार होतात. त्यांतील तीस हजारांत आठवड्याच्या बाजारी बसणाऱ्या एखाद्या शिकलेल्या तरुणाला वा निवृत्त सुभेदाराला दरमहा अडीच हजारांचे मानधन देता येईल. पंधरा हजार प्रवास, नकला, प्रतिज्ञापत्रे यांसाठी. आणि उरलेले पंधरा हजार बिनव्याजी उचलीसाठी, जेणेकरून पतीच्या मृत्यूपासून कुटुंबवेतन सुरू होईपर्यंतच्या काळात त्या बाईला सावकाराच्या दारी जावे लागू नये. वेतन सुरू झाले की उचल परत यावी आणि पुढच्या घराला मिळावी.

दहा रुपये ही रक्कम पाहून कोणी हसू नये. अंताजी दामोदर काळे यांनी माणशी वर्षाला एक पैसा मागून 'पैसा फंड' उभा केला आणि त्यातून १९०८ साली तळेगावला काचेचा कारखाना निघाला. आपल्याच जिल्ह्यातील कुंभोजला जन्मलेल्या कर्मवीर भाऊराव पाटलांची वसतिगृहे मूठमूठ धान्यावर जगली. या दोन्ही उदाहरणांचे मर्म असे की त्यांत दाता मोठा होत नाही. पाच लाखांचा धनादेश देणारा व्यासपीठावर खुर्ची मागतो. महिना दहा रुपये देणारा हिशेब मागतो. चळवळीला दुसरा उपयोगी पडतो.

वर्गणीखेरीज आणखी मार्ग आहेत, आणि ते या मातीतलेच आहेत. कोल्हापूरला कुस्तीच्या मैदानाची कला कोणी शिकवावयाची गरज नाही. वर्षातून एक मैदान या कामासाठी तिकिटावर भरवावे, पण इनामाचा आणि मांडवाचा खर्च उत्पन्नाच्या किती असावा हे आधी ठरवून फळ्यावर लिहावे. गणेशोत्सव मंडळांनी कानठळ्या बसविणाऱ्या ध्वनिवर्धकांच्या एका रात्रीचे भाडे वाचवावे. गावोगावच्या मुंबईकर मंडळांना पत्रे लिहावीत. गावाची आठवण त्यांना केवळ जत्रेच्या वर्गणीपुरती का यावी? दूध संस्थांनी सर्वसाधारण सभेत ठराव करून ज्या सभासदांची लेखी संमती असेल त्यांच्याच बिलातून एक-दोन रुपये घ्यावेत. संमतीविना कपात मात्र चुकूनही करू नये. उसाच्या बिलातून न विचारता होणाऱ्या कपातींचा राग शेतकऱ्याच्या मनात साचलेला आहे. त्या रागात सैनिकाचे नाव आपण मिसळू नये. आणि ज्यांच्याजवळ पैसा नाही त्यांच्याजवळ हात आहेत. रोप लावणीच्या दिवसांत पैरा फेडण्याची आपली पद्धत आहे. ज्या घरचा पुरुष सीमेवर आहे किंवा आता कधीच येणार नाही, त्या घराचे एक वावर गावाने पैऱ्यात धरावे आणि फेड मागू नये. पावसाळ्यातील हा एक दिवस कोणत्याही धनादेशापेक्षा त्या घराला गावाशी अधिक घट्ट बांधील.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळली पाहिजेत. सार्वजनिक वर्गणी गोळा करण्यापूर्वी सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाच्या कलम ४१-क प्रमाणे धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयाकडे रीतसर जावे. 'आपले काम पवित्र आहे' हे कायदा न पाळण्याचे कारण होऊ शकत नाही. दर तीन महिन्यांनी जमाखर्च एस. टी. स्थानकाच्या फलकावर लागावा. गटाच्या समितीत निम्म्या जागा सैनिक-कुटुंबांतील स्त्रियांना असाव्यात, आणि सह्यांचा एक अधिकार त्यांच्यापैकीच एकीकडे असावा. ज्यांच्यासाठी पैसा आहे त्यांनाच तो कसा खर्चावा हे कळत नाही, असे मानणे हा उद्धटपणा आहे. मदत देताना छायाचित्र काढू नये. जात, धर्म, पक्ष, दल, पदक, युद्धात मेला की आजाराने, यांपैकी काहीही विचारू नये. आणि पक्षाचा फलक या केंद्रावर नसावा. आपण केंद्र चालवावे, पण त्यावर मते मागू नयेत. ज्याला या अटीवर काम करणे जड जाते त्याने सैनिकाच्या नावापासून दूर राहिलेलेच बरे.

कोणी म्हणेल, शासनाने करावयाचे काम आपण अंगावर घेतल्याने शासन सुटते. हा आक्षेप खरा ठरेल, जर आपण निधी वाटीत बसलो तर. परंतु जे केंद्र प्रत्येक अडलेल्या प्रकरणाची नोंद ठेवते, किती महिने अडले आणि कोणत्या मेजावर अडले हे तारखेनिशी लिहिते, आणि वर्षअखेरीस ती यादी तहसीलदारापासून खासदारापर्यंत पोचवून उत्तर मागते, ते शासनाला सोडीत नाही, धरून ठेवते. ७ डिसेंबरला इतर ठिकाणी इष्टांक पुरा झाल्याचे अहवाल वाचले जातील. मलकापुरात त्या दिवशी ही यादी वाचली जावी: इतक्या घरांचे कुटुंबवेतन सुरू झाले, इतक्यांचे अजून अडले आहे, आणि ते अमुक कचेरीत अडले आहे. त्या सभेला अध्यक्ष नसला तरी चालेल. यादीतील बायका मात्र समोरच्या रांगेत बसलेल्या असाव्यात.